सेव्ह केलं की रफार चढतो: ईमॅक्समधल्या एका हूकचं प्रकरण

तक्रार एवढीच होती: "मी 'दुसऱ्या' लिहिते, सेव्ह करते, आणि उघडून बघते तर 'दुसर्या'. प्रत्येक वेळी नाही. त्याला वाटेल तेव्हा."

तक्रार करणाऱ्या काकू बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतात. मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि आता एका लहान वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची यादी करताहेत. बडोद्यात असलं काम निघतं यात नवल नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. त्या काळापासून साठत आलेली मराठी-गुजराती पुस्तकं शहरातल्या घराघरांत आणि कपाटांत आहेत. काकूंची यादी त्यातल्याच एका कोपऱ्याची.

यादी एक्सेलमध्ये नाही, ईमॅक्स या मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा त्यांच्या भाच्याचा उद्योग. भाचा प्रोग्रॅमर. मावशीला सगळं साध्या मजकुराच्या फायलींत ठेवता यावं, शोधता यावं, उद्या कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी वाचता यावं, हा त्याचा विचार, आणि तो मला पटतो. एका कपाटाला एक ऑर्ग फाईल (ईमॅक्सची मथळ्यांनी मांडलेली मजकूर-फाईल), एका पुस्तकाला एक मथळा, खाली लेखक, प्रकाशक, साल आणि शेरा. शेऱ्यात काकूंचा हात सैल सुटतो: "दुसऱ्या आवृत्तीची प्रत. मागच्या कोपऱ्याला वाळवी. आतल्या पानावर सासरच्या नावाचा शिक्का."

भाच्याने मांडणी करताना एक गोष्ट फार नीट केली होती, ती आधी सांगतो, कारण पुढे त्याच्याच नावाने बिल फाटणार आहे. संगणकाचा कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या ठरलेल्या कळमांडणीवर, ठेवून ईमॅक्स चालवला तर कंट्रोल-एक्स दाबल्यावर ईमॅक्सला 'कंट्रोल-अनुस्वार' ऐकू येतो, कारण इन्स्क्रिप्टमध्ये एक्सच्या जागी अनुस्वार आहे. अशी आज्ञाच नाही, असं तो खाली सांगतो आणि गप्प बसतो. कंट्रोल-एसचं तेच, तिथे एकाराची मात्रा. भाच्याने म्हणून संगणकाचा कीबोर्ड कायम इंग्रजीच ठेवला आणि ईमॅक्सची स्वतःची देवनागरी-इन्स्क्रिप्ट इनपुट मेथड लावून दिली. कंट्रोल-बॅकस्लॅश दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी, आणि आज्ञा दोन्ही वेळा चालू. शोधाच्या ओळीतही हीच कळ चालते. काकूंना हे एका बैठकीत जमलं.

पहिला संशय अर्थातच फॉन्टवर गेला. देवनागरीत काही वाकडं दिसलं की आपण सगळे आधी फॉन्टला धरतो. एकेकाळी ते बरोबरही असायचं. पण २०२० मध्ये आलेल्या ईमॅक्स २७ पासून अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझकडे आहे, ब्राउझरमध्ये आणि लिब्रे ऑफिसमध्येही तेच यंत्र आहे. काकूंकडे त्याहून नवी आवृत्ती होती. तरी भाच्याने फॉन्ट बदलला, मग आणखी एक बदलला. दोन्हीत 'दुसर्या' तसंच. खरं तर फॉन्टची शंका मिनिटभरात मिटवता येते: तीच फाईल ब्राउझरमध्ये उघडायची. तिथेही रफार दिसला तर दाखवण्यात काही खोट नाही, फाईलमध्येच ते तसं लिहिलेलं आहे. इथे तसंच निघालं.

दुसरा संशय काकूंवर गेला, आणि त्या चिडल्या ते साहजिक होतं. भाचा त्यांच्या शेजारी बसून 'दुसऱ्या' टाइप करी, सेव्ह करी, बंद करून उघडी. शब्द धड. "मावशी, माझ्याकडे तर बरोबर येतंय." "तू बसलास की ते शहाण्यासारखं वागतं," काकू म्हणाल्या. मला बोलावलं गेलं ते या टप्प्यावर.

दोष दिसत नसेल तर काम करणाऱ्या माणसाला त्याच्या रोजच्या रीतीने काम करू द्यावं आणि आपण हात मागे बांधून बघावं. काकूंना म्हटलं, मला दाखवायला म्हणून काही करू नका, आजच्या नोंदी चढवा. त्यांनी फोन काढला. वाचनालयात कपाटापुढे उभ्या राहून त्या फोनवर नोंदी लिहितात, स्वतःलाच मेसेज पाठवतात, आणि घरी येऊन त्या ईमॅक्समध्ये चिकटवतात. चिकटवलेल्या नोंदीत 'दुसर्‍या' होतं, पडद्यावर अगदी सुरेख. कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस. आणि आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत डोक्यावर रफार चढला.

भाचा टाइप करून बघत होता, काकू चिकटवत होत्या. एवढ्या फरकावर सगळं अडलं होतं.

आता एक साधी युक्ती. सेव्ह झाल्याबरोबर काही न करता अनडू दाबायचं. सेव्ह करण्याने मजकुराला धक्का लागत नसेल, तर अनडू त्याआधीची तुमची शेवटची कृती मागे घेईल, म्हणजे चिकटवलेली नोंद जाईल. तसं झालं नाही. रफार उतरला, 'दुसर्‍या' परत आलं, आणि खालच्या पट्टीत फाईल बदलल्याच्या दोन चांदण्या उमटल्या. सेव्हच्या क्षणी मजकुरात दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरत होता, आणि त्याने केलेला बदल अनडूच्या यादीत नोंदलेला होता.

त्या हाताने नेमकं काय काढलं हे पाहायला ऑटो-कंपोझिशन-मोड बंद केला. एरवी ईमॅक्स अख्खं जोडाक्षर एकत्र दाखवतो आणि कर्सर त्यावरून एका उडीत जातो. हा मोड बंद केला की प्रत्येक वर्ण सुटा होतो आणि कर्सर एकेकावर थांबतो. सेव्हच्या आधीच्या शब्दात आठ थांबे: द, उकार, स, र, हलन्त, एक बारीकशी मोकळी फट, य, काना. सेव्हनंतर सात. फट गेलेली. फटीवर कर्सर ठेवून कंट्रोल-यू कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की ईमॅक्स त्या वर्णाची कुंडली मांडतो: युनिकोड क्रमांक यू+२००डी, झिरो विड्थ जॉइनर. शून्य रुंदीचा जोडक. काकूंनी चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे तिथे काहीतरी होतं, जे मला कधी दिसलंच नाही?" होतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा घोळ मराठीच्या वाट्याला विशेष येतो. 'र'ला पुढे व्यंजन जोडलं की तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो: सूर्य, कार्य. पण मराठीला आणखी एक रूप लागतं, य आणि ह यांच्या आधी येणारा तो आडवा, पापणीसारखा र: दुसऱ्या, कोपऱ्यात, वऱ्हाड, तऱ्हा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक वर्णाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, हा र लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत र, हलन्त आणि मग जोडक. ही जुनी रीत आणि अजूनही मान्य. दुसरीत ऱ हा वेगळा वर्ण, यू+०९३१, आणि हलन्त; इन्स्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट-जेवर मिळतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. आत पाहावं तर एकीत डोळ्याला न दिसणारा एक वर्ण आहे आणि तो गेला की जे उरतं त्याचा अर्थ रफार असाच होतो. काकू घरी बसून शिफ्ट-जे वापरत, तिथे काही बिघडत नसे. त्यांचा फोन मात्र जोडकवालं रूप लिहीत होता.

'वाटेल तेव्हा' बिघडण्याचं कोडं इथे सुटलं. जुन्या फायलींमध्येही फोनवरून आलेल्या नोंदी होत्या. त्यांतली जी फाईल काकू उघडून सेव्ह करत, तिच्यातले सगळे जोडक एकदम जात. म्हणजे बिघाड त्यांच्या कामाच्या मागे मागे कपाटाकपाटातून फिरत होता.

आता हात कुणाचा. ईमॅक्स वजा-क्यू लावून, म्हणजे आपली कुठलीही मांडणी न वाचता, सुरू केला आणि तीच नोंद चिकटवून सेव्ह केली. शब्द शाबूत. म्हणजे मूळ ईमॅक्सचा संबंध नाही, दोष इनिट फाईलमध्ये, जिथे आपली मांडणी लिहिलेली असते. भाचा लगेच अर्धी फाईल कॉमेंट करायला, म्हणजे तात्पुरती बंद ठेवायला, निघाला. अर्धी-अर्धी करत दोष गाठायची ती रीत खात्रीची आहे, आणि काहीच सुचत नसेल तेव्हा तीच धरावी. पण इथे काळ-वेळ ठाऊक होती: बदल सेव्हच्या आधी होतोय. ईमॅक्समध्ये त्या जागेला नाव आहे, बिफोर-सेव्ह-हूक, म्हणजे सेव्ह होण्याआधी चालवायच्या फंक्शनांची यादी. कंट्रोल-एच व्ही दाबून तिची किंमत विचारली की झालं.

भाचा म्हणाला, "दादा, ते मी आधीच बघितलंय. निल आहे." निल म्हणजे रिकामी. त्याने पाहिलं होतं खरं, पण स्क्रॅच बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या कच्च्या पानावर, बसून. हूकची एक किंमत सगळ्यांसाठी असते आणि एक त्या-त्या बफरपुरती, म्हणजे उघडलेल्या एकेका फाईलपुरती, असू शकते. काकूंच्या कपाटाच्या फाईलमध्ये उभं राहून तोच प्रश्न विचारला तेव्हा उत्तर वेगळं आलं: या बफरपुरती यादी अशी, तिच्यात एक फंक्शन, आणि त्याचं नाव 'अदृश्य वर्ण साफ करा' अशा अर्थाचं.

फंक्शन भाच्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून आलेलं होतं आणि जिथून आलं तिथे ते शहाणंच होतं. वेबवरून किंवा चॅटमधून कोड चिकटवला की कधी कधी त्याच्याबरोबर शून्य रुंदीची स्पेस येते, यू+२००बी. डोळ्याला काही दिसत नाही आणि पायथन मात्र त्या ओळीवर अडून बसतो. त्यावर उपाय म्हणून सेव्हच्या आधी यू+२००बी ते यू+२००एफ हा अख्खा पट्टा आणि वर यू+एफईएफएफ हा तसाच आणखी एक अदृश्य वर्ण, सगळं पुसून टाकायचं. या पट्ट्यात पाच वर्ण आहेत. पहिला ती उपद्रवी स्पेस. शेवटचे दोन उजवीकडून-डावीकडून लिहिण्याच्या दिशेचे, मराठी यादीत ते निरुपयोगी. मधले दोन म्हणजे यू+२००सी हा अक्षरं जुळू न देणारा तोडक आणि यू+२००डी हा जोडक. हे दोन कचरा नव्हेत. देवनागरीच्या लेखनात त्यांना काम आहे.

सहकाऱ्याने ते प्रोग-मोडच्या हूकला, म्हणजे फक्त कोडच्या फायलींना अडकवलेलं होतं. भाच्याने मावशीच्या फायली मजकुराच्या म्हणून ते टेक्स्ट-मोडच्या हूकवर हलवलं. ऑर्ग-मोड आउटलाइन-मोडपासून निघतो आणि आउटलाइन-मोड टेक्स्ट-मोडपासून, तेव्हा प्रत्येक कपाट आपसूक त्याच्या तावडीत आलं.

गंमत म्हणजे फंक्शन चोरून काम करत नव्हतं. किती वर्ण पुसले ते ते दर वेळी खालच्या ओळीत सांगत होतं. पण सेव्ह पुरं होताच ईमॅक्स त्याच ओळीत 'फाईल लिहिली' हा आपला निरोप टाकतो, आणि आधीचा निरोप डोळा लवायच्या आत पुसला जातो. कंट्रोल-एच ई दाबून मेसेजेस बफर उघडला तर सगळी कबुली तिथे ओळीने मांडलेली होती. तो बफर कुणी वाचत नाही. मी सुद्धा शेवटीच उघडला, पण आता असल्या दुखण्यात तो पहिल्यांदा उघडावा असं माझं मत झालं आहे.

हूक काढायला क्षणही लागला नाही. खरं काम पुढे होतं: गेलेलं परत कसं आणायचं.

भाच्याचा पहिला विचार प्रोग्रॅमरचा. र, हलन्त, य दिसलं की ऱ करून टाकू, एका ओळीची आज्ञा. काकूंनी त्याला त्यांच्याच यादीतला एक शेरा दाखवला, पाककृतींच्या एका जुन्या वहीचा: "लग्नकार्यातल्या आचाऱ्यांसाठी." बिघाडानंतर त्याचं झालं होतं "लग्नकार्यातल्या आचार्यांसाठी". आंधळी अदलाबदल केली तर आचारी स्वयंपाकघरात परत येतील, पण लग्नाचं 'काऱ्य' होईल. आणि नाही केली तर पंगतीला गुरुजी वाढणार. वाक्य दोन्ही वेळा व्याकरणात बसतं, तेव्हा शुद्धलेखन तपासणारं कुठलंही साधन तिथे हटकणार नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांचंही तसंच. 'वर्हाड' दिसलं तर निदान चूक ओरडून सांगते.

बॅकअपवर भिस्त ठेवावी तर ईमॅक्सचा नेहमीचा बॅकअप इथे उपयोगाचा नव्हता. फाईल उघडल्यावर पहिल्या सेव्हला तो आधीची प्रत नावापुढे नागमोडी रेघ लावून ठेवतो, आणि पुढच्या बैठकीत त्याच नावावर नवी प्रत चढवतो. दोन बैठका झाल्या की बॅकअपमध्येही रफारच. फायलींच्या बदलांची नोंद ठेवणारं गिट भाच्याने लावलं होतं, पण हूक आल्यानंतर, त्यामुळे काही फायलींची पहिली नोंदच बिघडलेली होती.

धड मजकूर दोन ठिकाणी सापडला. एक, हूक येण्याआधी काकूंनी स्वतःच्या हिशेबाने पेन ड्राइव्हवर काढलेली प्रत. भाच्याला तिची कल्पनाही नव्हती. दोन, फोनवरचे ते स्वतःलाच पाठवलेले मेसेज, जे त्यांनी कधी पुसले नव्हते.

पेन ड्राइव्हची प्रत सरळ वर चढवता येईना, कारण मधल्या काळात काकूंनी त्याच फायलींत खऱ्या दुरुस्त्याही केल्या होत्या. त्यासाठी ईडिफ, दोन फायली ताडून दाखवणारं ईमॅक्समधलं साधन. जुनी फाईल एका बाजूला, आजची दुसऱ्या बाजूला, आणि फरक एकामागून एक समोर. फरक नुसत्या जोडकाचा असला तरी ईडिफ तो शब्द रंगवून दाखवतो. जुनी प्रत 'ए' बफरमध्ये असेल तर 'ए' ही कळ दाबली की तिचा तुकडा आजच्या फाईलमध्ये येतो. जिथे काकूंची नवी दुरुस्ती आहे तिथे काहीच दाबायचं नाही, पुढे जायचं. हे काम काकूंनीच केलं. मला आणि भाच्याला त्यातलं निम्मंही ओळखता आलं नसतं.

जे नंतर थेट फोनवरून आलं आणि पहिल्याच सेव्हला बिघडलं, त्यासाठी ऑकर ही आज्ञा वापरली. र, हलन्त आणि त्यापुढे य किंवा ह, असा नमुना दिला की फाईलमधल्या तसल्या सगळ्या ओळी एका बफरमध्ये जमा होतात आणि तिथून मूळ जागी उडी मारता येते. सूर्य, कार्य, आर्य, आचार्य, पर्याय, मर्यादा, धैर्य असे नक्की रफारवाले शब्द आधी बाजूला काढले. उरलेल्यांतले बहुतेक सामान्यरूपाचे किंवा अनेकवचनाचे होते, 'रा' किंवा 'री'वर संपणाऱ्या नामांचे: किनारा-किनाऱ्याला, नोकरी-नोकऱ्या. ते डोळे मिटून ऱचे. 'आचार्य' मात्र बाजूला काढलेल्यांतूनही परत आणून एकेक मेसेजशी ताडावा लागला.

तोडकाचं नुकसान त्या मानाने किरकोळ. 'वाङ्‌मय' या शब्दात काकू ङचा पाय मोडलेला दिसावा म्हणून तोडक घालत. तो गेल्यावर काही फॉन्टांत जोडाक्षर एकमेकांवर चढतं. वाचता येतं, अर्थ बदलत नाही. शोधून-बदलून एका फेरीत झालं.

नवी मांडणी करताना जुनं फंक्शन फेकून दिलं नाही, त्याचे दात काढले. शून्य रुंदीची स्पेस, दिशेच्या खुणा आणि यू+एफईएफएफ पुसायचं. न तुटणारी स्पेस, यू+००ए०, साध्या स्पेसमध्ये बदलायची. जोडक आणि तोडक यांना हात लावायचा नाही. त्याला एक नवं कलम जोडलं: र, हलन्त, जोडक आणि पुढे य किंवा ह असेल तर त्याचा ऱ आणि हलन्त करायचा. य-हची अट मुद्दाम, म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकाच्या शेऱ्यात कुणी एकटाच पापणीचा र लिहिला तर तो तसाच राहील. नेपाळी मजकूर असता तर हे कलम मी लावलं नसतं. तिकडे जोडकवालं रूपच चालतं.

या कलमाने एक जुनं दुखणंही गेलं. काकू कितीतरी दिवस म्हणत होत्या की शोध अर्धेच शब्द देतो. देणारच. शोधाच्या ओळीत शिफ्ट-जेने लिहिलेला ऱ फोनवरच्या जोडकवाल्या रूपाशी जुळत नाही. युनिकोडचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करणारं एनएफसी, ईमॅक्समध्ये चालवून हे सुटेल असं भाच्याला वाटलं होतं. सुटत नाही. एनएफसी र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) यांचा ऱ करतं, पण जोडकाच्या रूपाला ते ओळखत नाही. प्रमाणाच्या दृष्टीने ती दोन वेगळी लेखनं आहेत. तसंच 'ॲ'चं. २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःचा वर्ण मिळाला, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देत, आणि एनएफसी या दोघांनाही एक मानत नाही. काकूंनी एकच वर्णाचा ॲ निवडला, तेही कलम जोडलं.

यावर आमचा थोडा वाद झाला. भाच्याला प्रत्येक सेव्हनंतर आपोआप गिटमध्ये नोंद करणारा आणखी एक हूक हवा होता. मी नको म्हटलं. नको त्या क्षणीचा मजकूरही त्यात 'नोंदलेला' होतो, आणि काकूंना दिवसाअखेर कंट्रोल-एक्स व्ही व्ही दाबायला काही जड नाही. त्याऐवजी बॅकअपला क्रमांक लावायला सांगितलं, व्हर्जन-कंट्रोल चालू आणि शेवटच्या दहा प्रती जपायच्या. बदलांचा निरोपही आता सेव्हच्या आधी नाही, आफ्टर-सेव्ह-हूकमधून येतो, म्हणजे 'फाईल लिहिली'च्या नंतर, आणि तो खालच्या ओळीत टिकतो. काकू तो वाचतात. परवा त्यांनी फोन करून विचारलं, "चार बदल केले म्हणतंय, कुठले ते कसं बघू?" तेव्हा त्या फंक्शनला ओळ-क्रमांकही छापायला लावले.

राहिलं ऑफिसातलं मूळ फंक्शन. तिथे ते अजून पूर्ण पट्टा पुसतंय, आणि भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या ॲपचे मराठी निरोप जेसन या माहिती साठवायच्या साच्यातल्या फायलींत आहेत. ईमॅक्समधला जेसनचा मोड प्रोग-मोडपासूनच निघतो. त्याने सोमवारी जाऊन त्या फायलींत 'र्य' शोधायचं ठरवलं आहे.